धारवाडचे राहून गेलेले नाव

धारवाड-हुबळीचं गाणं म्हटलं की आपल्याकडे बोटं मोजणं सुरू होतं. मल्लिकार्जुन मन्सूर, भीमसेन, गंगूबाई, फार तर शेजारच्या बेळगाव जिल्ह्यातले कुमार. बसवराज राजगुरूंपर्यंत बोट पोचतच नाही. मला हा चक्क अन्याय वाटतो.

राजगुरू (१९२०-१९९१) धारवाड भागातल्या यलिवाळचे. गदगच्या अंध पंचाक्षरी गवईंनी त्यांना घडवलं. पुढे नीलकंठबुवा मिरजकर, सवाई गंधर्व, सुरेशबाबू माने... जिथे विद्या दिसली तिथे हा माणूस शिकायला बसला. घोटाळा इथेच झाला असावा. आपल्याला गवयाच्या कपाळावर घराण्याचा शिक्का लागतो. गंगूबाई म्हणजे किराणा, मन्सूर म्हणजे जयपूर (मन्सूरही आधी नीलकंठबुवांकडेच शिकले, हे कोण लक्षात ठेवतो!). राजगुरूंना कुठल्या खणात ठेवायचं? ग्वाल्हेर म्हणावं तर सुरांच्या लगावात किराणा डोकावतो, किराणा म्हणावं तर ती दाणेदार तान आडवी येते. मग आपण ठेवूनच दिलं बाजूला.

ख्यालाइतक्याच निष्ठेने ते वचनं गात, ठुमरी गात आणि मराठी नाट्यपदंही. नाट्यपदावर जीव टाकणाऱ्या आम्हा गोंयकारांना तरी त्यांची आठवण असायला हवी होती.

सरकारदरबारी उपेक्षा झाली असं नाही. १९७५ साली पद्मश्री, १९९१ साली पद्मभूषण मिळालं, आणि त्याच वर्षी जुलैत ते गेले. उणीव आहे ती आपल्या कानांची. त्यांचे शिष्य गणपती भट हासणगी आणि परमेश्वर हेगडे आपण ऐकतो, वाहवा करतो. ती तान कुणाकडून आली, हे विचारत मात्र नाही.