नव्या टाकीत मासे सोडण्याची घाई नको

शेतीस जोडधंदा म्हणून शोभिवंत माशांचे संगोपन करण्याकडे अलीकडे ग्रामीण भागातील लोकांचे, विशेषतः महिला बचत गटांचे, लक्ष वेधले गेले आहे. २०२० साली सुरू झालेल्या प्रधानमंत्री मत्स्यसंपदा योजनेत परसातील अशा घटकांसाठी सर्वसाधारण गटातील लाभार्थींना खर्चाच्या ४० टक्के, तर महिला आणि अनुसूचित जातीजमातींच्या लाभार्थींना ६० टक्के साहाय्य ठेवण्यात आले. ज्या अंगणात गुरांच्या हौदाखेरीज पाण्याची दुसरी साठवण नव्हती, तेथे सिमेंटच्या आणि काचेच्या टाक्या दिसू लागल्या. ही गोष्ट स्वागतार्ह आहे. परंतु यांपैकी कित्येक टाक्यांतील मासे पहिल्या महिन्याभरातच मरतात, आणि धंदा वाईट म्हणून नव्हे, तर आरंभ चुकीचा झाला म्हणून तो सोडून देण्याची पाळी कुटुंबावर येते. हे नुकसान टाळता येण्यासारखे आहे. टाकीत पाणी भरण्याचा दिवस आणि मासे सोडण्याचा दिवस यांमध्ये चार ते सहा आठवड्यांचे अंतर असलेच पाहिजे, आणि उद्घाटनाच्या दिवशी पाहुण्यांच्या हस्ते नव्या पाण्यात मासे सोडण्याची जी प्रथा पडत चालली आहे ती आपण, म्हणजे शासकीय कार्यकर्त्यांनीच, प्रथम बंद केली पाहिजे, असे माझे स्पष्ट मत आहे.

नवी टाकी दिसते तितकी निर्दोष नसते. धुऊन पुसून काढलेली काच आणि तळ दिसेल असे नितळ पाणी पाहून आपल्याला वाटते की, याहून चांगली जागा माशांना कोणती मिळणार! वस्तुतः अशा टाकीत माशांना अवश्य असलेली एक गोष्ट नसते, आणि ती डोळ्यांना दिसतही नाही. मासा जे प्रथिनयुक्त खाद्य खातो त्यातील अनावश्यक नत्र तो अमोनियाच्या रूपाने, बव्हंशी कल्ल्यांवाटे, पाण्यात टाकीत असतो. उरलेले खाद्य आणि विष्ठा कुजून त्यात आणखी भर पडते. अमोनिया हे माशांना विष आहे. नदीत किंवा मोठ्या तलावात ते विरून जाते, परंतु हजार लिटरच्या टाकीत त्याला जाण्यास वाट नसते.

ही वाट जिवाणू करून देतात. एका जातीचे जिवाणू अमोनियाचे नायट्राइट करतात व दुसऱ्या जातीचे नायट्राइटचे नायट्रेट करतात. यांपैकी नायट्राइटही विषारीच आहे. ते रक्तातील प्राणवायू वाहून नेण्याची शक्ती नष्ट करते, त्यामुळे रक्त तपकिरी पडते आणि पाण्यात प्राणवायू असूनही मासा गुदमरतो. शेवटचे नायट्रेट मात्र बरेच निरुपद्रवी असून अधूनमधून थोडे पाणी बदलले की ते आटोक्यात राहते.

शेतकऱ्यांना हे ज्ञान नवे नाही. आपण पिकास अमोनियम सल्फेट देतो तेव्हा जमिनीत हेच घडते. १८७७ साली फ्रान्समध्ये श्लोझिंग व म्युंट्झ या दोन शास्त्रज्ञांनी वाळू आणि चुनखडी भरलेल्या नळीतून गटाराचे पाणी संथपणे सोडले. सुमारे वीस दिवस काहीच घडले नाही. त्यानंतर पाण्यातील अमोनिया नाहीसा होऊन नायट्रेट दिसू लागले. नळीत क्लोरोफॉर्मची वाफ सोडताच ही क्रिया बंद पडली, आणि थोड्या मातीचे धुवण घालताच ती पुन्हा सुरू झाली. हे काम सजीवांचे आहे हे तेव्हा सिद्ध झाले, आणि १८९० च्या सुमारास विनोग्राड्स्की यांनी हे जिवाणू वेगळे करून दाखविले. त्या नळीला जे वीस दिवस लागले, ते आपल्या टाकीलाही द्यावयाचे आहेत, इतकाच या सर्व विवेचनाचा व्यवहारातील अर्थ आहे. लोणचे घातल्याबरोबर खात नाहीत, ते मुरू देतात. म्हणून या क्रियेस मी ‘टाकी मुरविणे’ असे म्हणतो. (टाकीतून पाणी मुरणे ही निराळी बाब असून तिची विचारणा गवंड्याकडे करावी.)

गप्पी मासे आता बहुतेक गावांत परिचयाचे आहेत, कारण डासांच्या नियंत्रणासाठी आरोग्य खात्याचे कर्मचारी ते हौदांतून सोडत असतात. जुन्या, कडेने शेवाळलेल्या हौदात हे गप्पी वर्षानुवर्षे कोणी न पाहता वाढतात आणि तेच गप्पी नव्या स्वच्छ टाकीत आठवड्यात पोट वर करतात, याचे अनेकांना आश्चर्य वाटते. कारण असे की, हौदाच्या भिंतीवरील तो बुळबुळीत थर म्हणजे जिवाणूंचे बिऱ्हाडच होय. शिवाय शेवाळ स्वतःही अमोनिया शोषून घेते. येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. जुन्या टाकीतील पाणी आणून ओतले म्हणजे काम झाले, असे पुष्कळजण समजतात. हे जिवाणू मुख्यत्वे पाण्यात तरंगत नसतात, ते भिंती, खडे आणि गाळणीचा स्पंज यांना चिकटून राहतात. विरजण हवे असेल तर निरोगी जुन्या टाकीतील स्पंजाचा तुकडा किंवा मूठभर खडे आणावेत. शेतातील माती मात्र घालू नये, कारण तिच्यात कीटकनाशकांचा अंश असण्याचा संभव असतो, आणि मासे त्याला फार हळवे असतात.

सिमेंटच्या टाकीबाबत अधिक सावध राहिले पाहिजे. ताज्या सिमेंटमधून चुना पाण्यात उतरतो व पाण्याचा सामू ९ च्या वर जातो. अमोनियाचा जो भाग खरोखर विषारी असतो त्याचे प्रमाण सामूवर अवलंबून असते. २५ अंश सेल्सिअस तपमानाच्या पाण्यात सामू ७ असता एकूण अमोनियापैकी शेकडा एकाहूनही कमी, ८ असता शेकडा पाच आणि ९ असता शेकडा पस्तीसहून अधिक भाग विषारी रूपात असतो. म्हणजे तेवढेच मासे, तेवढेच खाद्य, आणि विष मात्र कित्येक पटींनी. याकरिता सिमेंटची टाकी प्रथम दोन-तीन आठवडे पाणी भरून ठेवून, मधूनमधून उपसून धुऊन काढावी. काही ठिकाणी केळीच्या खुंटाचे तुकडे पाण्यात कुजू देण्याची रीत आहे, तीही उपयुक्त आहे. सामू साडेआठाच्या खाली स्थिर झाल्यावरच मुरविण्यास आरंभ करावा.

मुरविण्याची रीत अवघड नाही. ग्रामपंचायतीच्या नळाचे पाणी असेल तर त्यात टीसीएल पावडर पडलेली असते, आणि जी क्लोरीन रोगजंतूंना मारते ती आपल्या उपयुक्त जिवाणूंनाही सोडत नाही. म्हणून असे पाणी हवा सोडून निदान चोवीस तास उघडे ठेवावे. नंतर स्पंजची गाळणी व हवेचा पंप चालू करून जिवाणूंना खाद्य द्यावे, म्हणजे अमोनिया द्यावा. यास सर्वांत सोयीचा पदार्थ नवसागर होय. हजार लिटर पाण्यास ८ ग्रॅम नवसागर पुरतो. तो रासायनिक द्रव्यांच्या दुकानातील शुद्ध असावा, कल्हईवाल्याच्या पिशवीतील नसावा. युरिया घरात असतो म्हणून तो टाकण्याचा मोह होतो, परंतु त्याचे आधी विघटन व्हावे लागते आणि मोजमापाचा घोटाळा होतो. माशांचे खाद्य रोज चिमूटभर टाकूनही टाकी मुरते. त्या रीतीस वेळ अधिक लागतो.

यानंतर थेंबांच्या तपासणी संचाने एक दिवसाआड अमोनिया व नायट्राइट मोजावे. प्रथम अमोनिया तसाच राहील. मग तो उतरू लागेल व नायट्राइट चढेल. अमोनिया संपत आला की पुन्हा नवसागर द्यावा. नायट्राइट फारच चढले असेल तर ही मात्रा निम्मी करावी. नायट्राइट बरेच दिवस उंच राहून एके दिवशी झपाट्याने खाली येते. पूर्ण मात्रा दिल्यापासून चोवीस तासांत अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्यावर येऊ लागले, म्हणजे टाकी मुरली. पहिल्या आठवड्यात पाणी दुधाळ दिसले तर घाबरून ते ओतून देऊ नये. कोकणातील जांभ्या जमिनीच्या विहिरींचे पाणी मृदू असते. अशा पाण्यात सामू घसरून ही क्रिया मध्येच थांबते, म्हणून तेथे गाळणीत शिंपल्यांचा चुरा घालावा. विदर्भातील थंडीत सर्वच गोष्टींस उशीर होईल. टाकी मुरल्यावर निम्मे पाणी बदलून टाकावे आणि मासे दोन-तीन हप्त्यांत सोडावेत. काढलेल्या पाण्यात नायट्रेट असते, ते परसबागेतील भाजीस घालावे.

यावर घेतला जाणारा आक्षेप मला ठाऊक आहे. कर्ज काढून टाक्या बांधल्या, व्याज चालू झाले, आणि महिनाभर रिकाम्या पाण्याकडे पाहत बसावयाचे काय? प्रश्न रास्त आहे. त्याचे एक उत्तर असे की, सहा टाक्या एकदम मुरविण्याची गरज नाही. बांधकाम चालू असतानाच एक लहान टाकी मुरविण्यास लावावी व तीत सर्व टाक्यांचे स्पंज ठेवावेत. नवसागराची मात्रा त्या लहान टाकीच्या पाण्यापुरतीच द्यावी. पुढे एकेक स्पंज उचलून एकेका टाकीत ठेवला की त्या टाक्या आठवड्या-दोन आठवड्यांत तयार होतात. त्या तयार झाल्या की नाही हे मात्र त्याच चोवीस तासांच्या कसोटीने ठरवावे. दुसरा मार्ग म्हणून काही जाणकार चिवट जातीचे थोडे मासे सोडून वरचेवर पाणी बदलीत टाकी मुरवितात. अनुभवी माणसाच्या हाती ही रीत चालते. परंतु हजार लिटरच्या टाकीतील एक-तृतीयांश पाणी चार आठवडे एक दिवसाआड बदलावयाचे, तर साडेचार हजार लिटरहून अधिक पाणी लागते. ज्या मराठवाड्यात उन्हाळ्यात पाणी टँकरने येते, तेथे हा सल्ला देण्यास माझे मन धजत नाही. रिकामी टाकी मुरविण्यास एकदाच भरलेले पाणी पुरते.

बाजारात जिवाणूंच्या बाटल्याही मिळतात. रायझोबियमच्या पाकिटाची जी गोष्ट, तीच यांची. ताजे व नीट राखलेले असेल तर उपयोग होतो, उन्हात पडलेले असेल तर पैसे व्यर्थ जातात. बाटली ओतली म्हणून तपासणी सुटत नाही.

घाई केल्याने काय होते ते एका बचत गटाच्या बाबतीत पाहण्यात आले. पाणी आदल्या दिवशी भरलेले, मासे दुसऱ्या दिवशी समारंभात सोडलेले. चौथ्या दिवशी मासे पृष्ठभागावर येऊन तोंड उघडमीट करू लागले. ज्याने मासे विकले त्याच्यावर रोगट माल दिल्याचा आरोप झाला, कोणाच्या तरी सांगण्यावरून पाण्यात निळे औषध ओतण्यात आले आणि नुकतेच कोठे रुजू लागलेले जिवाणूही त्याने दडपले गेले. पंधरवड्यात टाक्या रिकाम्या झाल्या. त्या भगिनींनी पुढे त्यांत धान्य साठविण्यास सुरुवात केली. मासे विकणाऱ्याचा, औषधाचा किंवा त्या भगिनींच्या नशिबाचा येथे काहीही संबंध नव्हता. ज्यांनी समारंभाची तारीख ठरविली त्यांना टाकीची तारीख ठाऊक नव्हती, एवढेच कारण होते.

ज्यांनी मासे आधीच सोडले असतील त्यांनी दोन दिवस खाद्य बंद ठेवावे, एक-तृतीयांश पाणी बदलावे, हवा वाढवावी आणि नायट्राइट आढळल्यास हजार लिटरला एक किलो साधे मीठ विरघळवून घालावे. मिठातील क्लोराइड नायट्राइटला कल्ल्यांतून रक्तात शिरू देत नाही. गप्पी, मॉली व गोल्डफिश यांना एवढे मीठ सहज सोसते. हे खारट पाणी मात्र भाजीस घालू नये. औषधे ओतू नयेत, आणि गाळणीचा स्पंज नळाखाली न धुता टाकीतून काढलेल्या पाण्यातच पिळून घ्यावा. वीज गेली तर पंप बंद पडतो व प्राणवायूवाचून माशांबरोबर जिवाणूंचेही काम थांबते, म्हणून बॅटरीवरील एक लहान पंप घटकाच्या अंदाजपत्रकात आरंभापासूनच धरावा.

ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांकडून माझी अपेक्षा मोठी नाही. प्रत्येक नव्या टाकीवर एक पुठ्ठा टांगावा. त्यावर पाणी भरल्याची तारीख, सामू, अमोनिया व नायट्राइट यांचे रकाने असावेत आणि ते घरातील लिहिता येणाऱ्या मुलामुलीने भरावेत. तपासणीचा संच प्रत्येक घरी नसला तरी चालेल, गावात एक असला म्हणजे पुरे. घटकाच्या पाहणीस जाणाऱ्याने मासे किती आहेत हे विचारण्यापूर्वी तो पुठ्ठा पाहावा. पाहुण्यांना बोलवावयाचेच असेल तर पाणी भरण्याच्या दिवशी बोलवावे आणि त्यांच्या हस्ते आठ ग्रॅम नवसागर टाकीत घालवावा.