फजरनंतरची झोप

आमच्या शेजारच्या भाभी परवा दुपारी भाजी निवडता निवडता डुलक्या काढायला लागल्या. "पहाटे नमाजला उठता ना, म्हणून होत असेल," मी म्हटलं. तशा त्या हसल्या. "ताई, नमाजला दहा मिनिटं लागतात. डब्यांना दोन तास!"

मैत्रिणींनो, या उत्तरानं मला विचारात पाडलं.

फजरच्या नमाजची वेळ सूर्योदयाच्या साधारण सव्वा तास आधी सुरू होते. आपल्या अहिल्यानगर जिल्ह्यात जानेवारीत सूर्य सातनंतर उगवतो, जूनमध्ये सहाच्या आधीच. म्हणजे उन्हाळ्यात जाग पहाटे साडेचारच्या सुमारास. रात्रीची इशाची नमाज मात्र तेव्हा साडेआठच्या पुढे जाते.

यानं झोप बिघडते का? रियाधच्या किंग सौद विद्यापीठातले डॉ. अहमद बाहम्माम आणि सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये यावर अभ्यास प्रसिद्ध केला. सलग झोप आणि फजरला उठून पुन्हा घेतलेली झोप, दोन्ही त्यांनी तपासल्या. एकूण तास सारखे असतील, तर झोपेत किंवा दिवसाच्या पेंगेत फारसा फरक आढळला नाही. पण तपासलेली माणसं जेमतेम आठ, आणि सगळे पुरुष!

खरी गोम इथेच आहे. पुरुष नमाज पढून पुन्हा पांघरूण ओढू शकतो. बाई उठली की गॅस पेटतो. रमजानमध्ये सहेरीसाठी ती सगळ्यांच्या आधी उठते आणि रात्री भांडी आवरून सगळ्यांच्या शेवटी आडवी होते. पाळीच्या दिवसांत नमाज माफ असते, डबा माफ नसतो. काकड आरतीला उठणाऱ्या आपल्या बायका तरी कुठे वेगळ्या?

मोठ्या माणसाला रोज किमान सात तास झोप हवी, असं डॉक्टर सांगतात. ती सतत कमी पडली, तर रक्तदाब, मधुमेहाचा धोका वाढतो. साडेचारला उठायचं तर साडेनवाला अंथरूण हवं. इशानंतर उगाच गप्पांत जागू नये, ही शिकवण हदीसमध्येही आहे. दुपारच्या वामकुक्षीला तिथे 'कैलुला' म्हणतात. वीस-तीस मिनिटं पुरतात, त्यात लाजायचं काही नाही.

मग बाईला वेळेवर झोपू कोण देत नाही? रात्री दहाला जेवायला बसणारं घर आणि स्वतःचा डबासुद्धा न भरणारी माणसं. भाभींना म्हटलं, "जेवणं साडेआठच्या आत उरका, भांडी मुलांवर सोपवा."

"सांगून बघते," त्या म्हणाल्या.

मीही आज घरी सांगून बघणार आहे. तुम्ही?