रात्रीची बस

ज्या नगरांत रात्रीं काम चालतें, त्या नगरांत रात्रीं वाहनहि चालावयास हवें. ही गोष्ट इतकी उघड आहे कीं, ती सांगण्यासाठीं लेखणी उचलावी लागावी, याचेंच नवल वाटतें. तथापि आमच्या पिंपरी-चिंचवडविषयीं व शेजारच्या चाकणविषयीं ती आज सांगणें अवश्य झालें आहे.

सन १९५४ मध्यें पिंपरीस हिंदुस्थान अँटिबायॉटिक्सचा कारखाना निघाला व पुढल्याच वर्षीं तेथें पेनिसिलीन तयार होऊं लागलें. १९६२ सालीं महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झालें आणि पिंपरी, चिंचवड, आकुर्डी, भोसरी येथील शेतांच्या जागीं कारखान्यांच्या रांगा उभ्या राहिल्या. पुढें हा ओघ नाशिक रस्त्यानें चाकणपर्यंत पोहोंचला. मोठीं यंत्रें सूर्याकडे पाहून थांबत नाहींत. तीं पाळ्यांवर चालतात, आणि मध्यरात्रीच्या सुमारास एक पाळी सुटून दुसरी बसते.

मोठे कारखाने आपल्या कामगारांसाठीं गाड्या ठेवितात, हें खरें. परंतु त्या गाड्यांत ज्यांस जागा नाहीं, अशांची संख्या थोडी नाहीं. लहान कारखान्यांतील कंत्राटी मजूर, उपाहारगृहांत भांडीं घासणारी बाई, दारावरचा पहारेकरी, रुग्णालयांतील परिचारिका, आजाऱ्याच्या उशाशीं बसून घरीं निघालेला नातलग, या सर्वांनीं मध्यरात्रीनंतर जावें कसें? रिक्षा करावी तर मजुरीचा मोठा वांटा भाड्यांतच जातो. पायीं चालावें तर रस्त्यावर भरधाव मालमोटारी. १९४८ च्या कारखाना-कायद्यानें स्त्रियांस रात्रीं कारखान्यांत कामाची मनाई केली होती. अलीकडे सुरक्षिततेच्या अटींवर ती शिथिल झाली आहे. तेव्हां घरीं सुखरूप पोहोंचण्याचा प्रश्न आतां अनेक मातांचा व भगिनींचाहि झाला आहे.

हें अशक्य आहे, असें म्हणणाऱ्यांस आम्ही गणेशोत्सवाकडे बोट दाखवितों. त्या दिवसांत पुण्याची मंडई, बुधवार पेठ व लक्ष्मी रस्ता या भागांत गांवोगांवचे प्रेक्षक लोटतात. त्यांच्यासाठीं पुणे महानगर परिवहन महामंडळ जादा गाड्या सोडतें व त्या रात्रीं उशिरापर्यंत धांवतात. गाडींत पाय ठेवावयास जागा नसते. आईच्या कडेवर पेंगुळलेलें मूल असतें, कोणाच्या हातीं पिपाणी असते. आणि त्याच गर्दींत एखादा कामगार जेवणाचा रिकामा डबा मांडीवर धरून डुलक्या घेत असतो. आरास पाहून परतणारा आणि काम करून परतणारा, दोघांचाहि त्या आसनावर सारखाच हक्क. जी सोय नगरास दहा रात्रीं मौजेखातर परवडते, ती उरलेल्या रात्रीं श्रमाखातर परवडूं नये काय?

लंडन शहरांत रात्रीच्या बसगाड्या १९१३ सालापासून आहेत. त्यांतील पुष्कळ मार्ग ट्रॅफल्गार चौकांत एकत्र येतात. तो चौक देशोदेशींच्या पाहुण्यांनीं गजबजलेला. तेथें मध्यरात्रीं नाटकगृहांतून निघालेल्या पाहुण्यास जी गाडी मिळते, तीच पहांटे कचेऱ्या झाडावयास निघालेल्या मजुरासहि मिळते. आपल्याकडेहि ही कल्पना नवी नाहीं. राज्य परिवहनानें आपल्या रात्रीच्या गाड्यांस रातराणी असें सुंदर नांव दिलें, आणि त्याच नांवानें पुणे शहरांतील कांहीं मार्गांवर रात्रीच्या बसगाड्या चालल्या आहेत. इतर फुलें मिटल्यावर जें उमलतें, त्या फुलाचें नांव या सेवेस शोभणारेंच आहे.

मेट्रो आल्यावर बस कशाला, असा प्रश्न कोणी करील. पिंपरीहून मेट्रो ६ मार्च २०२२ रोजीं सुरू झाली व २९ सप्टेंबर २०२४ पासून स्वारगेटपर्यंत जाऊं लागली, ही आनंदाची गोष्ट होय. पण ती रात्रभर धांवत नाहीं. शिवाय चाकणच्या कामगारास तिचा रूळ लाभलेला नाहीं. रात्रीचें काम बसचेंच आहे.

दुसरा आक्षेप खर्चाचा. रात्रीं गाडींत चारच उतारू असतील, त्यांच्यासाठीं चालक, वाहक व इंधन कां खर्चावें? हा आक्षेप आम्ही क्षुल्लक मानीत नाहीं. सार्वजनिक पैसा जपून वापरलाच पाहिजे. पण रस्त्यावरचा दिवा रात्रभर जळतो, तेव्हां त्याखालून किती माणसें गेलीं याचा हिशेब आपण मागत नाहीं. अग्निशामक दल रात्रभर जागें असतें. आग लागली नाहीं म्हणून तें बंद करा, असें कोणी म्हणत नाहीं. रात्रीच्या बसचा खर्चहि त्याच खात्यांत मांडावा. सर्वच मार्ग रात्रभर चालवावे, असें आमचें म्हणणें नाहीं. निगडीहून पुण्यास एक आणि भोसरीहून चाकणास एक, असे दोन मार्ग, तासाला एक गाडी, पाळी सुटण्याच्या वेळेशीं जुळविलेली, व थांब्यावर एक चांगला दिवा, इतकें पुरे. मात्र गाडी ठरल्या वेळीं आलीच पाहिजे. दिवसा एक गाडी चुकली तर मागून दुसरी येते. रात्रीं चुकलेली गाडी म्हणजे तासभर अंधारांत उभें राहणें होय. जिच्यावर भरवसा नाहीं, तिची वाट कोणी पाहत नाहीं. आणि मग उतारू नाहींत म्हणून तीच बंद पडते.

आमच्या शाळेंतील कित्येक विद्यार्थी निजलेले असतां त्यांचे वडील किंवा आई कामावरून परत येतात. हे विद्यार्थी उद्यां मतदार होतील, कोणी नगरसेवक होईल, कोणी परिवहनाचा अधिकारीहि होईल. नगराची थोरवी त्याच्या उंच इमारतींवरून ठरवूं नये. रात्रीं दोन वाजतां त्यांतील सर्वांत गरीब कामकरी आपल्या दारापर्यंत कसा पोहोंचतो, यावरून ती ठरवावी. एवढी एक कसोटी विद्यार्थ्यांनीं आजपासूनच मनांत बाळगावी, असें आमचें त्यांस आग्रहाचें सांगणें आहे.