हिरवा मिरची



थंडीत मेहरूणला आमच्याकडे भरीत-पुरीचा बेत होतोच. यंदा मुलगा, सून आणि बारा वर्षांची नात अमेरिकेहून आले होते. वांगी भाजून झाली, तेवढ्यात बाजाराला निघालेल्या बापाला नात म्हणाली, "बाबा, हिरवा मिरची पण आण."

सगळे हसले. सर्वांत जास्त मी. जन्मभर शाळेत मराठी शिकवलेली बाई मी! वर "हिरवा नाही गं, हिरवी!" असं चारचौघांत सुनावलंही. त्यानंतर दोन दिवस पोरगी मराठीत एक शब्द बोलली नाही. विचारलं तर मान हलवायची, नाहीतर इंग्रजीत उत्तर.

तिसऱ्या दिवशी ती गच्चीवर स्पॅनिशचा गृहपाठ करत बसली होती. मी म्हटलं, "मला शिकव की." तिने लगेच शिकवायला घेतलं. त्यांच्याकडे लिंगं दोनच, आणि विशेषण बहुधा नामाच्या मागून येतं. लाल टोमॅटो म्हणजे 'तोमाते रोहो', लाल सफरचंद म्हणजे 'मान्साना रोहा'. अनेकवचन झालं की 'रोहोस', 'रोहास'. हिरवा मात्र 'वेर्दे'. टोमॅटो असो की सफरचंद, वेर्देच. फक्त अनेकवचनात 'वेर्देस'.

मला गंमत वाटली. आपल्याकडे नेमकं उलट! 'लाल' कुणापुढेही बदलत नाही, लाल टोमॅटो, लाल मिरची, लाल फूल. आणि 'हिरवा' मात्र भरताच्या एका ताटात तीन रूपं घेतो: हिरवा कांदा, हिरवी मिरची, हिरवं वांगं. म्हणजे पोरीला हिरव्याचं एकच रूप पुरेल असं वाटलं, तर त्यात हसण्यासारखं काय होतं?

मी विचारलं, "चुकलं तर तुमच्या बाई काय म्हणतात?"

"काही नाही. त्या बरोबर करून परत म्हणतात. मग मी म्हणते."

हे ऐकून मीच वरमले. माझ्या वर्गात घरी अहिराणी बोलणारी मुलं असायची. त्यांच्या वह्यांवर मी लाल शाईने किती रेघा ओढल्या असतील! त्यातली किती मुलं पुढे वर्गात तोंड उघडायला भ्यायली, ते कधी मोजलं नाही.

माझं आता स्पष्ट मत झालं आहे. नवशिक्याला आधी तक्ता देऊ नये, जोडी द्यावी. नुसतं 'मिरची' शिकवू नये, 'ती हिरवी मिरची' असं एकदम शिकवावं. आधी हिरवा, काळा, मोठा, चांगला ही बदलणारी विशेषणं घ्यावीत. मग लाल, गोड, सुंदर ही न बदलणारी आपोआप सोपी वाटतात. आणि 'असं का?' याचं उत्तर शोधत बसू नये. आपलं पुस्तक नपुंसकलिंगी, त्यांचा 'लिब्रो' पुल्लिंगी. आपला हात 'तो', त्यांचा 'मानो' शेवटी ओ असूनही 'ती'. यात तर्क नाही, सवय आहे. दादोबा पांडुरंगांचं व्याकरण छापलं गेलं १८३६ साली. त्याआधीही पिढ्यान् पिढ्या मुलं 'हिरवी मिरची' बरोबरच म्हणत होती, कारण ती कानावरून शिकत होती.

कुणी म्हणेल, मग चूक सुधारायचीच नाही का? सुधारायची तर! पण हसून नाही. परदेशातल्या नातवंडांना मराठी कानावर पडते ती चार माणसांकडून. त्यातलं एक माणूस हसलं की पाव मराठी बंद झाली. स्पॅनिशला शाळा आहे, परीक्षा आहे. आपल्या मराठीला तिथे बऱ्याचदा आहोत फक्त आपण, फोनवरचे आजी-आजोबा.

असो. निघायच्या दिवशी नात गळ्यात पडून म्हणाली, "आजी, तुझा भरीत खूप छान होता."

या वेळी मी हसले नाही. म्हटलं, "हो ना, माझं भरीत छानच होतं."

ती क्षणभर थांबली. "तुझं भरीत," ती म्हणाली, आणि पिशवी उचलून पायऱ्या उतरली.

तुमच्या घरी अशा वेळी काय करता? हसता, की परत म्हणून दाखवता?