बोलायला परवानगी कशाला?

परंडा आणि बार्शी यांच्यामध्ये १९४८ पर्यंत निजाम राज्याची सरहद्द होती. सरहद्दीच्या अलीकडे सभा भरवायची तर निजाम सरकारची परवानगी लागे. आखाडा काढायला, खासगी शाळा उघडायला, वर्तमानपत्र सुरू करायलाही परवानगी! सभाबंदीचे ते फर्मान 'गश्ती नंबर ५३' म्हणून कुप्रसिद्ध होते. १९३८ मध्ये हैदराबाद स्टेट काँग्रेस जन्मण्याआधीच तिच्यावर बंदी आली. स्वामी रामानंद तीर्थांनी ती मोडली आणि तुरुंग पत्करला. प्रजेने तोंड उघडण्यापूर्वी अर्ज करावा, ही त्या राज्याची मूळ मागणी होती. निजामाच्या पाठीराख्या रझाकारांच्या बंदुका नंतर आल्या.

त्या रझाकारांचा म्होरक्या कासिम रझवी लातूरचा वकील, आणि लातूर तेव्हा आपल्याच उस्मानाबाद जिल्ह्यात होते. त्याच्याविरुद्ध उर्दूत लेखणी चालवली 'इमरोज'चे संपादक शोएबुल्ला खान यांनी. हैदराबादने भारतात सामील व्हावे, असे ते उघड लिहीत. ऑगस्ट १९४८ मध्ये त्यांना गोळ्या घातल्या आणि त्यांचा हात तोडला. मुक्तिसंग्रामाला हिंदू-मुसलमानांचा झगडा म्हणून खपवणाऱ्यांनी आधी या संपादकाचे नाव उच्चारावे! सत्तर वर्षांनी, २ ऑक्टोबर २०१८ रोजी, सौदी राजवटीवर टीका करणारे पत्रकार जमाल खशोगी इस्तंबूलच्या सौदी वाणिज्य दूतावासात गेले आणि जिवंत बाहेर आले नाहीत. अरबस्तानातले राजे असोत की इजिप्तचे लष्करशहा, टीकाकाराला देशद्रोही ठरवण्याची त्यांची रीत निजामाच्या प्रजेला नवी नाही.

पण निजामाला शिव्या देऊन आपण सुटत नाही. निजामी राजवट संपवणाऱ्या पोलीस कारवाईनंतर याच जिल्ह्यात निरपराध मुसलमानांची कत्तल झाली. नेहरू सरकारने पाठवलेल्या सुंदरलाल समितीने सर्वाधिक होरपळलेल्या चार जिल्ह्यांत उस्मानाबाद नोंदवले; संस्थानातील बळींचा तिचा अंदाज २७ ते ४० हजारांचा होता. तो अहवाल सरकारने कित्येक दशके दडवला. स्वतंत्र भारताच्या सरकारने! जुलमी राजाचे पाप मोठ्याने सांगायचे आणि आपले कुलूपबंद ठेवायचे, याला आम्ही मुक्ती म्हणणार नाही.

आणि आज? महाराष्ट्र पोलीस कायद्याच्या कलम ३७ खाली जिल्ह्याजिल्ह्यांत पंधरा-पंधरा दिवसांचे जमावबंदीचे आदेश निघतात. मुदत सरली की नवा कागद तयार. पीकविम्यासाठी तहसीलवर जाणाऱ्या शेतकऱ्याने आधी पोलिसांची मर्जी सांभाळायची! त्यात जुलै २०२५ मध्ये विधिमंडळाने जनसुरक्षा विधेयक मंजूर करून संघटनेला बेकायदा ठरवण्याचे हत्यार सरकारच्या हाती दिले. आजचे सरकार निवडून आलेले आहे, कोर्टाची दारे उघडी आहेत. निजामाच्या प्रजेला निवडून दिलेले सरकार नव्हते. म्हणूनच आमचा संताप दुप्पट आहे. मतदाराच्या जोरावर आलेल्यांना मतदाराच्या आवाजाची भीती का वाटावी?

येत्या १७ सप्टेंबरला, मुक्तिसंग्राम दिनी, झेंड्याखाली भाषणे होतीलच. त्याआधी सरकारने सुंदरलाल अहवाल मराठीत छापून गावोगावच्या ग्रंथालयांत ठेवावा, शोएबुल्ला खानांचा धडा मराठवाड्यातल्या प्रत्येक शाळेत शिकवावा, आणि जमावबंदीचा प्रत्येक आदेश त्याच्या लेखी कारणांसह ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लावावा.