विश्रांती रजेत धरू नका

५ डिसेंबर २०२५ ला एकट्या इंडिगोची हजाराहून जास्त उड्डाणं रद्द झाली, तेव्हा आमच्या दिग्गीतही त्यावर मतं पडली. जोयडा तालुक्याच्या कडेला, काळी नदी जिथं उगम पावते त्या या गावात विमानात बसलेली माणसं बोटावर मोजण्याइतकी. पण निकाल लगेच लागला: पायलट लोकांना जास्तीची सुट्टी पाहिजे, म्हणून सगळं अडलं. मी उभी हयात बसच्या स्टिअरिंगमागं काढली. मला हा निकाल पटला नाही.

आमच्याकडं वस्तीची गाडी असते. रात्री शेवटच्या गावात मुक्काम, पहाटे परत. गाडी उभी राहिली की कागदावर विश्रांती सुरू. प्रत्यक्षात कंडक्टरचा हिशेब संपेपर्यंत थांबायचं, कुणाच्या तरी ओसरीवर हात-पाय धुवायचे, दोन घास खायचे आणि मग मागच्या लांब सीटवर अंग टाकायचं. पावसाळ्यात छत गळतं, जळवा आत येतात. साडेचारला पहिला प्रवासी काच वाजवतो. कागदावर नऊ तास भरतात, डोळ्यांना निम्मेही मिळत नाहीत.

अशी दोन-तीन दिवसांची झोप साठली की ती पहाटे तीन ते पाचमध्ये वसूल होते. अनमोड घाटात रात्रीची गाडी चालवणारा कुणीही सांगेल. डोळे उघडे असतात, हात वळणं घेत असतो, पण मागची दोन वळणं केव्हा गेली ते आठवत नाही. तोंडावर पाणी मारून, चहा ढोसून ही झोप जात नाही. ती झोपूनच जाते.

विमानाचा पायलट याच हाडामांसाचा. २२ मे २०१० ला दुबईहून आलेलं एअर इंडिया एक्स्प्रेसचं विमान पहाटे सहाच्या सुमारास मंगळूरच्या डोंगरमाथ्यावरच्या धावपट्टीवरून पुढं जाऊन दरीत कोसळलं. १५८ माणसं गेली, आठ वाचली. कॉकपिटच्या रेकॉर्डरवर कॅप्टनच्या घोरण्याचा आवाज सापडला. दीड तासाहून जास्त वेळ तो झोपला होता आणि उतरायच्या थोडंच आधी जागा झाला. शेजारचा सहवैमानिक ‘परत वर घेऊ’ म्हणून सांगत राहिला, पण कॅप्टननं विमान खाली नेलं. चौकशीत ठपका कॅप्टनवर आला, तो योग्यच. पण अर्धवट झोपेतून उठवलेल्या माणसाचं डोकं कसं चालतं हे आम्हा ड्रायव्हर लोकांना नव्यानं कळायला नको.

दहा वर्षांनी, ७ ऑगस्ट २०२० ला कोळीकोडला तसंच घडलं. तेव्हा कॅप्टन होते दीपक साठे. हवाई दलातून आलेले, प्रशिक्षणात मानाची तलवार मिळवलेले. भर पावसात विमान धावपट्टी अर्धीअधिक ओलांडून टेकलं आणि पुढं कोसळलं. दोन्ही वैमानिकांसह २१ जण गेले. चूक कॅप्टनची, असं अहवाल म्हणतोच. पण त्याच अहवालात आणखी एक ओळ आहे, ती फार कमी लोकांनी वाचली. कोळीकोडच्या तळावर सहवैमानिक २६ आणि कॅप्टन फक्त एक. दुसऱ्या दिवशी सकाळचं विमान साठ्यांनाच न्यायचं होतं, म्हणून त्यांना तिथंच उतरायची ओढ होती. कंपनीच्या नेमणुकीच्या धोरणाला अहवालानं दोष दिला आहे. डेपोत बदली ड्रायव्हर नसला की काय होतं, ते यापेक्षा वेगळं नसतं.

माझी भाची एका कंपनीत केबिन क्रू आहे, तळ मुंबई. तिच्या ड्युटीचे नियम वैमानिकांपेक्षा वेगळे, पण गत तीच. मुंबईहून गोव्याला विमानानं तासाभरात येता येतं. पुढं फोंडा, मोले, अनमोड चढून रामनगर आणि मग जंगलातला रस्ता, म्हणजे दिवस मावळतो. इथं आली की फोनला रेंज नाही आणि स्टँडबायला, म्हणजे बोलावलं की निघायच्या ड्युटीला, फोन लागलाच पाहिजे. म्हणून ती चतुर्थीलाही येत नाही. “मामा, विमान दोन तास उशिरा सुटलं तर ड्युटी वाढते. भत्ता उडलेल्या तासांचाच,” असं ती म्हणते. विमानाच्या दारात हसून उभी राहणारी मुलगी किती वाजता उठली असेल, हा विचार आपल्या मनात येत नाही.

आता त्या ‘जास्तीच्या सुट्टी’बद्दल. वैमानिकांची आठवड्याची सलग विश्रांती ३६ तासांवरून ४८ तास, रात्री विमान उतरवायची मर्यादा सहा वेळांवरून दोनवर आणि रात्र पहाटे पाचऐवजी सहापर्यंत धरायची, हे नियम डीजीसीएनं, म्हणजे नागरी विमान वाहतूक महासंचालनालयानं, जानेवारी २०२४ मध्येच जाहीर केले होते. कंपन्यांनी मुदत मागितली, प्रकरण दिल्ली उच्च न्यायालयात गेलं आणि अखेर १ जुलै व १ नोव्हेंबर २०२५ अशा दोन टप्प्यांत ते लागू झाले. तयारीला जवळजवळ दोन वर्षं मिळाली. याच इंडिगोनं जून २०२३ मध्ये एका दमात ५०० विमानं मागवली होती. विमानं मोजणाऱ्यांना ती चालवणारी माणसं मोजता आली नाहीत, आणि दोष नियमाला!

त्याहून वाईट म्हणजे सरकार नमलं. गोंधळ शिगेला असताना इंडिगोला रात्रीच्या नियमातून १० फेब्रुवारी २०२६ पर्यंत सूट मिळाली. शिवाय ‘साप्ताहिक विश्रांतीच्या जागी रजा धरता येणार नाही’ हे कलमच मागं घेतलं गेलं, आणि तेही सगळ्या कंपन्यांसाठी. घरच्या लग्नाला रजा घेतलेल्या माणसाची झोप झाली असं कोण म्हणेल? लग्नघरातून तो जास्तच जागून येतो.

प्रवाशांचे हाल झाले हे खरं. विमानतळाच्या फरशीवर लेकरं घेऊन बसलेली माणसं टीव्हीवर आम्हीही पाहिली. पण ड्रायव्हर नसेल तर डेपो मॅनेजर फेरी रद्द करतो. हाच शहाणपणा विमान कंपनीनं तिकिटं विकण्याआधी दाखवायला हवा होता. माणसं असतील तेवढीच विमानं वेळापत्रकात घालावीत.

मागं घेतलेलं ते कलम डीजीसीएनं जसंच्या तसं परत आणावं. आणि वाचकहो, ‘क्रूची ड्युटी संपली, विमान सुटणार नाही’ असं गेटवरच्या मुलीनं सांगितलं तर तिच्यावर ओरडू नका. रात्र काढायची सोय आणि तिकिटाचे पैसे कंपनीकडं मागा.