वादळाची वर्दी

वैशाख सरत आला, की आपल्या किनाऱ्यावर भविष्यकथनाला बहर येतो. एकीकडे घरोघरी पुरुमेताची बेगमी चाललेली असते आणि ओसरीवर पंचांग उघडून यंदा मृगाचे वाहन बेडूक की कोल्हा, याचा खल होतो. दुसरीकडे पणजीच्या आल्तिनो टेकडीवरील वेधशाळेतून शास्त्रीय अंदाज प्रसृत होतात. अलीकडच्या काळात या दोहोंत तिसऱ्याची भर पडली आहे. उपग्रहाची चित्रे आणि संगणकांची प्रारूपे घरबसल्या पाहणारे हौशी हवामान अभ्यासक आता गावोगाव झाले आहेत, आणि त्यांचे निष्कर्ष वेधशाळेच्याही आधी भ्रमणध्वनीवरून सर्वदूर पोहोचतात. पंचांगवाले वेधशाळेला हसतात, वेधशाळा पंचांगाला हसते आणि हौशी मंडळी दोघांनाही हसतात. हे हास्यविनोद किनाऱ्यावर बसून करावयास ठीक आहेत. परंतु ज्याचे होडके त्या वेळी पाण्यात असते, त्याला यांतील कोण खरा ठरला याच्याशी कर्तव्य नसते. आज जावे की न जावे, आणि गेलेल्याने परतावे की नाही, एवढेच त्याला हवे असते. तेवढेच त्याला वेळेवर आणि त्याच्या भाषेत कळत नाही, ही आमची तक्रार आहे.

लोकपरंपरेतील ठोकताळ्यांकडे आम्ही तुच्छतेने पाहत नाही. वराहमिहिराने ‘बृहत्संहिते’त मेघांच्या गर्भधारणेचा विचार मांडून गर्भ राहिल्यापासून १९५ दिवसांनी पाऊस पडतो, असे गणित सांगितले. ते आजच्या शास्त्राला मान्य नसले, तरी आकाशाकडे पाहून नोंदी कराव्यात आणि त्यांतून नियम शोधावा, ही वृत्ती या भूमीत किती जुनी आहे, याची साक्ष त्यातून मिळते. दोष येतो तो निरीक्षण थांबते आणि केवळ पाठांतर उरते तेव्हा. सूर्याच्या नक्षत्रांचेच पाहा. आपली नक्षत्रे ताऱ्यांशी बांधलेली आहेत, तर ऋतू सूर्याच्या उत्तर-दक्षिण गतीशी. नाक्षत्र वर्ष हे ऋतुवर्षाहून सुमारे वीस मिनिटांनी मोठे असल्याने सत्तर-बहात्तर वर्षांत एका दिवसाचा फरक पडतो. आज सूर्याचा मृगप्रवेश ७ किंवा ८ जूनला होतो. वराहमिहिराच्या काळी तो ऋतुमानाने सुमारे तीन आठवडे अगोदर होत असे. मृग पुढे सरकला, मोसमी वाऱ्यांनी मात्र त्याच्याबरोबर सरकण्याचा करार केलेला नाही.

आणि मोसमी वारे तरी कोठे ठरल्या दिवशी येतात? २०२३ साली बिपरजॉय चक्रीवादळाच्या काळात त्यांचे केरळातील आगमन ८ जूनपर्यंत लांबले आणि मुंबईस ते २५ जूनला पोहोचले. अवघ्या दोन वर्षांनी, २०२५ साली, ते २४ मे रोजी केरळात आणि २६ मे रोजी मुंबईत दाखल झाले. मृग लागण्यास तेव्हा अवकाश होता आणि रोहिणी नुकतीच लागली होती. एकाच शहरात दोन वर्षांच्या अंतराने एक महिन्याची तफावत पडते, तेथे वाहन घोडा की म्हैस यावर पेरणी ठरविणे हा स्वतःच्या संसाराशी खेळलेला जुगार होय.

परंतु पंचांगातील ठोकताळा वेगळा आणि तांडेलाचे निरीक्षण वेगळे, हा विवेक आम्ही सोडू इच्छित नाही. वारा पडलेला असताना लाट लांब आणि संथ येऊ लागली, की जुना तांडेल अस्वस्थ होतो. त्याची अस्वस्थता अंधश्रद्धा नव्हे. दूर समुद्रात वादळाने उठविलेल्या लांब लाटा वादळापेक्षा वेगाने धावतात व ते येण्याआधी किनारा गाठतात, हे शास्त्र आज सांगते. तांडेलाने ते पायांखालच्या फळीवरून ओळखलेले असते. चंद्राला पडलेले खळे म्हणजे उंचावरील पातळ ढगांच्या हिमकणांतून वाकलेला प्रकाश होय, आणि असे ढग पुष्कळदा दूरच्या वादळाच्या माथ्यावरून पसरत येतात. अशा खुणांना वेधशाळेने हसू नये, आणि तांडेलानेही त्यांवर सर्वस्वी विसंबू नये. खूण धोका आहे एवढेच सांगते. तो किती दूर आहे, कोणीकडे वळेल आणि किती वेळात येईल, हे तिला ठाऊक नसते.

हौशी अभ्यासकांविषयीही असेच म्हणता येईल. ‘सायक्लोन’ हा शब्द जगाला दिला तो कलकत्त्याच्या हेन्री पिडिंग्टन यांनी, आणि ते कोणत्याही हवामान खात्याचे अधिकारी नव्हते. तसे खाते त्या काळी हिंदुस्थानात अस्तित्वातच नव्हते. जहाजांच्या रोजनिशा जमवून त्यांनी बंगालच्या उपसागरातील वादळांची रचना उलगडली. मातला नदीच्या मुखाजवळ नवे बंदर वसविण्याचा घाट घातला गेला, तेव्हा १८५३ साली त्यांनी गव्हर्नर जनरल डलहौसी यांना पत्र लिहून तेथील वादळी लाटेचा धोका दाखवून दिला. सरकारने ते मनावर घेतले नाही. बंदर उभे राहिले आणि १८६७ सालच्या चक्रीवादळाने त्याचा विध्वंस केला. पिडिंग्टन त्यापूर्वीच, १८५८ साली, निवर्तले होते. सूचना अचूक असून भागत नाही; ती ऐकणारा कान लागतो, हा धडा आपल्या देशात वादळशास्त्राच्या बाळपणीच मिळालेला आहे.

१८६४ साली कलकत्त्यास वादळाने हजारो बळी घेतले, पुढे पावसाने दगा दिला, आणि या अनुभवातून १८७५ साली भारतीय हवामान खात्याचा जन्म झाला. या खात्याला दीडशे वर्षे पूर्ण झाली आहेत. आज उपग्रह आहेत, रडार आहेत, आणि चक्रीवादळाची चोवीस तासांनंतरची जागा सरासरी शंभर किलोमीटरच्या आतील चुकीने सांगता येते. या प्रगतीची फळे ओडिशाने चाखली. तेथे १९९९ सालच्या महावादळात सुमारे दहा हजार माणसे मृत्युमुखी पडली. २०१३ साली फायलिन आले, तेव्हा दहा लाखांच्या आसपास लोकांना आधीच हलविण्यात आले आणि मृतांची संख्या काही दशकांपुरती राहिली. वादळाचा जोर ओसरला नव्हता. मधल्या चौदा वर्षांत निवारे उभे राहिले, गावागावांत स्वयंसेवक तयार झाले, वर्दी शेवटच्या झोपडीपर्यंत पोहोचू लागली, आणि मुख्य म्हणजे लोकांचा तिच्यावर विश्वास बसला.

आपल्या पश्चिम किनाऱ्याला ही तालीम मिळालेली नाही. अरबी समुद्र हा तुलनेने शांत, वादळे व्हायची ती पूर्वेकडे, अशी आपली पिढ्यान् पिढ्यांची समजूत. परंतु समुद्राचे पाणी तापत चालले आहे आणि या समुद्रातील चक्रीवादळांची संख्या व तीव्रता वाढत असल्याचे संशोधक दाखवून देत आहेत. नोव्हेंबर २००९ मध्ये फयान कोकण किनारा झोडपून अलिबाग-मुंबईदरम्यान जमिनीवर आले. २०१९ साली क्यार महावादळ किनाऱ्याला न शिवताही समुद्र खवळून गेले. जून २०२० मध्ये निसर्गने रायगडच्या बागा आडव्या केल्या, आणि १६ मे २०२१ रोजी तौक्ते गोव्याच्या किनाऱ्याजवळून जाताना झाडे व विजेचे खांब पाडून गेले.

या मालिकेतील दोन घटना आम्हांस विशेष विचारार्ह वाटतात. २०१७ च्या नोव्हेंबरअखेर ओखी वादळ आले. केरळ व तामिळनाडूचे शेकडो मच्छीमार त्यात दगावले अथवा बेपत्ता झाले. इशारा केव्हा दिला आणि कोणाला मिळाला, यावर पुढे बराच वाद झाला. पण मूळ दुखणे असे, की खोल समुद्रात जाणारी ही मंडळी कित्येक दिवस परतत नाहीत. वादळ जन्मले तेव्हा ती निघून गेलेली होती आणि भ्रमणध्वनीच्या टप्प्याबाहेर होती. वर्दी होती, पोहोचविण्याचा मार्ग नव्हता. तौक्तेच्या वेळी याच्या उलट घडले. वादळाची वर्दी काही दिवस आधीच सर्वत्र झाली होती. तरीही मुंबई हायच्या परिसरात २६१ माणसे असलेली एक बार्ज समुद्रातच राहिली आणि बुडाली. सत्तरांहून अधिक माणसे प्राणांस मुकली. येथे मार्ग होता. मानण्याची तयारी नव्हती. म्हणजे वादळे एकट्या वेधशाळेच्या चुकीने माणसे मारत नाहीत. वेधशाळेचा कागद आणि माणसाचा निर्णय यांच्यामधील पोकळीत माणसे मरतात.

ही पोकळी का राहते? आमच्या मते तिचे एक कारण आपण उघडपणे बोलत नाही. प्रत्येक इशाऱ्याला किंमत असते आणि आज ती एकटा मच्छीमार मोजतो. बंदरात तीन नंबरचा बावटा चढला, की होडीवाल्याचा दिवस बुडतो. डिझेल आणि बर्फ घेऊन निघालेला ट्रॉलर मध्येच परतला, तर तो खर्च मालकाच्या आणि हिस्सा खलाशाच्या माथी बसतो. त्यात वादळ दुसरीकडे वळले, तर पुढच्या वेळी तो बावट्याकडे पाहीलच असे नाही. १ जून ते ३१ जुलै या ६१ दिवसांची मासेमारीबंदी तो सोसतो; त्यापुढे ऐन हंगामात पाच-सहा दिवस केवळ शक्यतेपायी घरी बसणे त्याला परवडत नाही. वादळ न आल्यास दोष वेधशाळेचा नव्हे, कारण वादळाचा मार्ग ही शक्यतांचीच भाषा आहे. परंतु त्या शक्यतेचा भुर्दंड गरिबाने भरावा, हेही न्यायाचे नव्हे. इशाऱ्यामुळे बुडालेल्या दिवसांची ठरीव भरपाई सरकारने विनाविलंब द्यावी, अशी आमची आग्रहाची सूचना आहे. त्यासाठी होणारा खर्च वादळानंतरच्या शोधमोहिमांच्या आणि मृतांच्या वारसांना वाटावयाच्या रकमांच्या तुलनेत जड वाटू नये.

दुसरी गोष्ट भाषेची. आपल्या ट्रॉलरांवर आज ओडिशा, झारखंड येथून आलेले खलाशी मोठ्या संख्येने राबतात. त्यांच्यासाठी इंग्रजीतील परिपत्रक आणि कोरा कागद सारखेच. इशारा मराठी-कोंकणीत तर हवाच, पण हिंदी आणि ओडियातही हवा. आणि तो कागदावर न राहता धक्क्यावर ध्वनिक्षेपकाने, होडीवर उपग्रहाद्वारे चालणाऱ्या यंत्राने पोहोचावा. हैदराबादची महासागर माहिती सेवा संस्था लाटांचे व वादळांचे जे अंदाज देते, ते त्या यंत्रापर्यंत नेणे आता तंत्रदृष्ट्या अवघड राहिलेले नाही. प्रत्येक खोल समुद्रातील होडीवर असे यंत्र असल्याखेरीज तिला धक्का सोडू देऊ नये, आणि ते घेण्याची ऐपत नसेल तेथे सरकारने पदर मोडावा.

वेधशाळेकडूनही आमची एक अपेक्षा आहे. पिवळा, नारिंगी, लाल अशा रंगांचे इशारे दिले जातात, शाळांना सुटी पडते आणि कधी कधी लख्ख ऊन पडते. मग दुसऱ्या दिवशी टिंगल सुरू होते. ‘अमुक ठिकाणी एवढी शक्यता, आणि ती चुकण्याचा एवढा संभव’ असे मोकळेपणी सांगितल्यास लोक समजून घेतात. चुकल्यावर का चुकले हे सांगितले, तर विश्वास उणावत नाही, वाढतोच. मौन मात्र अफवांना वाट करून देते, आणि मग जो अधिक भयंकर बोलेल तो अधिक जाणता ठरतो. हौशी मंडळींनी येथे आपले कर्तव्य ओळखावे. पिडिंग्टन यांचा वारसा सांगावयाचा, तर नोंदी ठेवण्याचाही सांगावा. आपल्या अंगणात पर्जन्यमापक लावून रोजचा पाऊस वर्षानुवर्षे टिपणारा मनुष्य हवामानशास्त्राची सेवा करतो. संगणकावरील दहा दिवसांनंतरचे लाल-जांभळे चित्र पाठवून गाव घाबरविणारा करीत नाही.

तांडेलाचा डोळा, वेधशाळेचे यंत्र आणि हौशी माणसाची वही यांपैकी कोणालाही समुद्राने संपूर्ण सत्य सांगितलेले नाही. तिघांनी मिळून जे कळते, ते मात्र एका माणसाला वेळेवर धक्क्यावर परत आणण्यास पुरेसे आहे. नारळी पौर्णिमेला आपण समुद्राला नारळ अर्पून शांत हो म्हणून विनवितो. समुद्र आपल्या स्वभावाने वागेल. त्याने आधी धाडलेली वर्दी ऐकणे आणि ऐकणाऱ्याच्या घरची चूल त्या दिवशी विझू न देणे, हे काम मात्र त्याचे नाही. ते आपले आणि आपल्या सरकारचे आहे.